पसरणी घाट चढताना धुराचं मोजमाप

वाईहून पसरणी घाट चढून जुनी गाडी पाचगणीत पोहोचली आणि तिचा आवाज जड झाला, की ठरलेलं निदान ऐकू येतं: "वर ऑक्सिजन कमी, म्हणून गाडी पेट्रोल जास्त खाते." या वाक्याचा शेवट खरा आहे, सुरुवात अर्धीच खरी. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत 20.9 टक्के असतं आणि पाचगणीच्या टेबललँडवरही तेवढंच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी जवळपास तेराशे मीटरवर. तेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सुमारे 14 टक्के कमी आणि घनता सुमारे 12 टक्के कमी. सिलिंडर दर फेरीला तेवढंच आकारमान ओढतो, पण त्या आकारमानात हवा कमी भरते.

सायलेन्सरच्या धुरावरून हवा-पेट्रोलचं मिश्रण किती बिघडलंय ते सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर कुठे, कसा आणि कुणी बसवावा, हा प्रश्न मला या घाटावरूनच पाहावासा वाटतो. सपाटीवर त्याची चर्चा शर्यतीच्या गाड्या आणि टर्बोपुरती राहते. इथे मात्र चाळीस वर्षांची पद्मिनी, कार्ब्युरेटरची मारुती 800 आणि पेट्रोल जीप यांनाही तो काहीतरी सांगतो. आणि 2023 पासून पंपावरचं पेट्रोलच बदलत गेल्यामुळे तो जे सांगतो ते जुन्या अनुभवाशी जुळत नाही.

आधी यंत्राबद्दल. सायलेन्सरच्या नळीतला साधा ऑक्सिजन सेन्सर बॉश कंपनीने 1976 मध्ये कारखान्यातून बाहेर काढला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो पहिल्यांदा आला. त्याचा गाभा म्हणजे झिर्कोनियाची चिनी मातीसारखी टोपी. ती साधारण साडेतीनशे अंशांच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर; दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज. वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं समीकरण इथे जसंच्या तसं लागू होतं. अडचण अशी, की हा व्होल्टेज योग्य मिश्रणाच्या दोन्ही बाजूंना एकदम उडी मारतो: पेट्रोल जास्त असेल तर 0.8-0.9 व्होल्ट, कमी असेल तर 0.1 व्होल्ट. जास्त की कमी एवढं कळतं, किती ते कळत नाही.

वाइडबँडमध्ये त्याच झिर्कोनियाच्या दोन पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीकशी पोकळी. धूर एका सूक्ष्म छिद्रातून त्या पोकळीत शिरतो. एक पेशी पोकळीतलं मिश्रण मोजते, दुसरी पेशी वीज देऊन ऑक्सिजन आत ढकलते किंवा बाहेर काढते, आणि पोकळीतलं मिश्रण सतत बरोबर राखते. त्यासाठी जेवढा प्रवाह लागला तेवढं मिश्रण बिघडलेलं. प्रवाह मोजला की आकडा मिळाला. 1992 च्या होंडा सिव्हिक व्हीएक्समध्ये असा पाच तारांचा सेन्सर आला, त्यानंतर बॉशची एलएसयू मालिका आली, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक किटमध्ये त्यातलाच एलएसयू 4.9 असतो.

आकडा दोन भाषांत दिसतो. एक हवा-इंधन गुणोत्तर, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल. दुसरी लॅम्डा: योग्य मिश्रण म्हणजे 1, पेट्रोल जास्त झालं की 1 च्या खाली, हवा जास्त झाली की वर. सेन्सरला मुळात लॅम्डाच कळतो. 14.7 हा आकडा मीटर नंतर गुणाकार करून दाखवतो. मीटर लॅम्डावर ठेवण्याची सोय असेल तर ती पहिल्या दिवशीच वापरावी, आणि त्याचं कारण आपल्या पेट्रोलमध्ये आहे.

पण आधी उंचीचा हिशेब; या साऱ्या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून हवा जाते तेव्हा तिच्या ओढीने जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल येतं. हवा विरळ झाली की हवेचं वस्तुमान घनतेच्या प्रमाणात घटतं, पण पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. म्हणजे पेट्रोल कमी होतं, पण हवेइतकं नाही. घनता 12 टक्क्यांनी उतरली तर मिश्रण साधारण 6 टक्क्यांनी पेट्रोलकडे झुकतं. मुंबईत नेमकी 14.7 वर लावलेली गाडी पाचगणीत 13.8 च्या आसपास चालेल. काळपट प्लग, जड आवाज आणि घसरलेलं मायलेज यांचं मूळ इथे. म्हणूनच घाटमाथ्यावरच्या मेकॅनिकांची जुनी रीत होती: गाडी वर राहणार असेल तर मेन जेट एक नंबर बारीक करायचा. ही रीत बरोबर होती आणि कानाने, प्लगच्या रंगाने, हाताने तपासून आलेली होती.

आता इथेनॉल आणू. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जाळायला हवा कमी लागते: एका भागाला सुमारे 9 भाग. फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि 2025 मध्ये देशाची सरासरी त्या आकड्याला पोहोचली. हा माल पाचगणीला परका नाही. घाटातून खाली दिसणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातला ऊस आणि वाई तालुक्यातल्याच भुईंजसारख्या ठिकाणचे साखर कारखाने याच साखळीत येतात. अशा मिश्रणासाठी योग्य गुणोत्तर 14.7 उरत नाही, ते साधारण 13.5 होतं. जेट तोच, गाडी तीच, पण शुद्ध पेट्रोलवर बरोबर लावलेला कार्ब्युरेटर या इंधनावर समुद्रसपाटीला 8 टक्क्यांच्या आसपास हवेकडे झुकतो. लॅम्डा 1.08.

दोन्ही परिणाम एकत्र करून पाहा. उंची मिश्रणाला 6 टक्के एकीकडे ढकलते, इथेनॉल 8 टक्के दुसरीकडे. म्हणजे मुंबईसाठी लावलेली जुनी गाडी आज पाचगणीत जवळजवळ योग्य मिश्रणावर चालत असण्याची शक्यता आहे, आणि मुंबईत परतल्यावर ती ओढताना अडखळेल, तापेल. अशा गाडीला पाचगणीत जुन्या रीतीने बारीक जेट घातला, तर ती लांब चढावर पेट्रोलसाठी उपाशी राहील आणि त्याचा फटका पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसेल. हे गणित आदर्श कार्ब्युरेटरचं आहे. खऱ्या कार्ब्युरेटरमध्ये आयडल जेट, मेन जेट, पंप, झिजलेला थ्रॉटलचा दांडा, सगळं आपापल्या परीने मिश्रण हलवतं. म्हणून गणितावर जेट बदलू नये, मोजून बदलावा. प्लगच्या रंगावर आता पूर्वीइतका भरवसा टाकता येत नाही, कारण शिसं गेलेल्या आणि इथेनॉल आलेल्या इंधनात प्लग तसा रंगच धरत नाही. पूर्वी उस्ताद मेकॅनिकचा डोळा जे काम करायचा त्यासाठी आज सेन्सर लागतो, आणि यात त्या डोळ्याचा कमीपणा मला अजिबात दिसत नाही. त्याच्या समोरचं इंधनच बदललं.

बसवण्याच्या कामात सगळा खरेपणा जागेवर ठरतो. चारही सिलिंडरच्या नळ्या एकत्र येऊन गेल्यावर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी, अशी जागा हवी. टर्बो नसलेल्या गाडीत मॅनिफोल्डपासून साधारण दोन फुटांवर. फार जवळ घेतला तर सेन्सर भाजतो. एलएसयूला धुराचं तापमान 930 अंशांपर्यंत चालतं, पण तार जिथून बाहेर पडते तिथलं रबर अडीचशे अंशांपुढे टिकत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर चढताना नळी जेवढी तापते तेवढी गावात कधीच तापत नाही, हे जागा ठरवताना लक्षात ठेवायला हवं. सायलेन्सरच्या टोकाला बसवण्याचा सोपा मार्ग पुष्कळ जण घेतात. तिथे आयडलवर बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि मीटर खोटं बोलतं. टोकापासून किमान दोन-तीन फूट आत जायलाच हवं.

कोनाचा नियम घड्याळावर सांगतात: नळी समोरून गोल पाहिली तर सेन्सर दहा ते दोनच्या मध्ये कुठेतरी, डोकं वर आणि टोक खाली. खालच्या बाजूने किंवा आडवा बसवला तर थंड नळीत जमलेलं पाणी त्याच्यात उतरतं. जळालेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं, आणि जुलै-ऑगस्टच्या पाचगणीत, धुक्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, त्यातलं थोडंफार नळीतच साचून राहिलेलं असतं.

वेल्डिंगसाठी नळी गाडीवरून उतरवावी. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची तार आधी काढावी. 18 मिलिमीटरचा, 1.5 चे आटे असलेला नट, ज्याला दुकानात बंग म्हणतात, तो नळीवर वेल्ड करताना त्यात जुना निकामी सेन्सर किंवा बोल्ट घालून ठेवावा, म्हणजे उष्णतेने आटे वाकडे होत नाहीत. तरीही शेवटी एकदा टॅप फिरवून आटे साफ करावेत. सेन्सरच्या आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस थोडंच लावायचं, टोकाला लागू द्यायचं नाही. 40 ते 60 न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने कसायचा. पाना हाताने मारून अंदाजे कसणाऱ्यांना हे किरकोळ वाटतं, पण जास्त कसलेला सेन्सर दोन वर्षांनी काढताना आटे सोबत घेऊन येतो.

सेन्सरच्या आधी नळीला कुठेही गळती नको. मॅनिफोल्डचं गॅस्केट जरा फुंकत असेल तर धुराच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, आणि माणूस बरोबर असलेल्या गाडीत पेट्रोल वाढवत बसतो. जुन्या पद्मिनींमध्ये ही गळती इतकी सर्रास असते, की सेन्सर विकत घेण्याआधी नवं गॅस्केट घालावं असं माझं मत आहे. मिसफायरचंही तसंच: न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन जसाच्या तसा नळीत येतो, आणि पेट्रोलने प्लग ओला झालेली गाडीसुद्धा मीटरवर उपाशी दिसते. मीटर आणि कान यांच्यात भांडण लागलं तर पहिला संशय मिसफायरवर.

विजेच्या जोडणीत मी स्वतः किंमत मोजली आहे. सेन्सरमध्ये हीटर असतो आणि तो टोक पावणेआठशे अंशांच्या आसपास राखतो. मी हीटरची तार सरळ चावीला जोडली होती. पावसाळ्यात सकाळी चावी फिरवून मीटरचे आकडे बघत दोन-तीन मिनिटं बसायचो, मग इंजिन सुरू करायचो. तापलेल्या झिर्कोनियावर नळीत साठलेलं पाणी उडालं आणि तिसऱ्या आठवड्यात सेन्सर तडकला. दोष सर्वस्वी माझा होता. हीटरला वीज इंजिन सुरू झाल्यावरच मिळायला हवी. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाच्या रिलेवरून ती घेता येते. पद्मिनीसारख्या गाडीत पंप यांत्रिक असतो, तिथे अल्टरनेटर चार्ज करू लागला की बंद होणाऱ्या रिलेवरून घ्यावी. फ्यूज वेगळा, अर्थिंग इंजिन ब्लॉकवर आणि गंज खरवडून. सुरुवातीला हीटर दोन-तीन अँपिअर ओढतो, त्यामुळे रेडिओच्या तारेवर त्याला लटकवू नये. उलट चूकही तेवढीच महाग पडते: सेन्सर नळीत आहे आणि हीटर बंद, अशा अवस्थेत गाडी चालवली तर काजळीने छिद्र बुजतं.

एलएसयूच्या कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. त्या एका सेन्सरचं कारखान्यात केलेलं मापन त्यात साठवलेलं असतं. तार लांबवण्यासाठी कनेक्टर कापला की ते मापन गेलं. तार लांबवायची तर कंट्रोलरच्या बाजूने. जुन्या 4.2 सेन्सरला बाहेरची संदर्भ-हवा तारेच्या धाग्यांमधून मिळते, त्यामुळे त्याच्या जोडावर सोल्डर किंवा ग्रीस घातलं की तो गुदमरतो. 4.9 ला ही गरज नसते. टेबललँडच्या तांबड्या चिखलातून आणि पावसातून गाडी नेणाऱ्याने 4.9 च घ्यावा. गॅस्केटला लावायचा साधा सिलिकॉनही सेन्सरला विष आहे. शिशाचं विष मात्र आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2000 पासून, देशभर शिसंविरहित पेट्रोल आल्यापासून, संपलं. ते झालं नसतं तर हा सगळा लेख निरर्थक ठरला असता.

आता ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांच्याबद्दल, थोडक्यात. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 पेट्रोल गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आधीच आहेत, कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर, आणि अनेक गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँडच असतो. उंचीचा हिशेब इंजिनाचा संगणक दाब मोजून स्वतः करतो. अशा गाडीला भोक पाडण्याआधी ओबीडी सॉकेटमध्ये छोटं ब्लूटूथ यंत्र लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलमध्ये करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती, वाचावा. तो शून्याच्या आसपास फिरत असेल तर त्या गाडीला नव्या सेन्सरची गरज नाही, आणि वॉरंटी गमावण्याची तर त्याहून नाही. बाहेरून संगणकाची फाइल बदलून घेणाऱ्यांनी, टर्बो वाढवणाऱ्यांनी, आणि फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांनी मात्र सेन्सरशिवाय इंजिनाला हात लावू नये. तिथे लॅम्डा न मोजता केलेला बदल म्हणजे वितळलेला पिस्टन.

कायद्याचा भाग नळीतल्या नटापेक्षा त्यानंतरच्या मोहाबद्दल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. नळी उतरवलीच आहे तर कन्व्हर्टरही काढून टाकू, हा विचार वर्कशॉपमध्ये सहज येतो. तो करू नये. पाचगणीची ओळखच स्वच्छ हवेमुळे झाली, शाळा इथे त्यासाठी आल्या. बीएस-4 आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीमध्ये 2500 आरपीएमच्या आसपास लॅम्डा 0.97 ते 1.03 मध्ये असावा लागतो. म्हणजे सरकारही हाच आकडा बघतं, फक्त वर्षातून एकदा आणि उभ्या गाडीवर.

आपल्याला तो चालत्या गाडीवर बघायचा असतो, आणि त्यासाठी वाई ते पाचगणी हा बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता उत्तम प्रयोगशाळा आहे. सेन्सर बसवल्यावर आधी तो उघड्या हवेत धरून मीटर 20.9 टक्के दाखवतं का ते पाहावं. काही कंट्रोलरना अशी जुळवणी लागते, आणि ती गॅरेजच्या धुरात करू नये. मग वाईत इंजिन पूर्ण गरम करून सपाट रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये स्थिर वेगाचा आकडा घ्यावा. जुन्या गाडीत 0.95 ते 1.03 चांगला. घाटात अर्ध्या थ्रॉटलवर एक आकडा, पूर्ण थ्रॉटलवर एक. पूर्ण भाराखाली 0.85 ते 0.90 हवा. तिथे 1 दिसला तर पाय काढावा आणि वर पोहोचेपर्यंत पुन्हा दाबू नये. आकडे वाचायला शेजारी दुसरं माणूस असावं. पसरणी घाटाची वळणं मीटर बघत घेण्यासारखी नाहीत. वर आल्यावर सपाट रस्त्यावर तोच वेग, तोच गिअर, पुन्हा आकडा. खालचा आणि वरचा यांच्यातला फरक म्हणजे उंचीचा परिणाम. सातशे ते तेराशे मीटर एवढ्या चढाला तो 3 टक्क्यांच्या जवळपास यायला हवा. बराच जास्त आला तर फ्लोट, एअर फिल्टर किंवा चोक अडकला आहे का ते आधी बघावं, जेटला हात नंतर.

उतरताना घाबरायला होतं. इंजेक्शनची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय वर, इंजिन ब्रेकवर उतरत असताना मीटर एकदम हवेच्या टोकाला जाऊन चिकटतं. तिथे संगणकाने पेट्रोल बंद केलेलं असतं, नळीतून नुसती हवा जाते, आकडा खरा आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याच उतारावर आकडा उलट पेट्रोलकडे पडतो, आणि सायलेन्सरमध्ये फटफट ऐकू आली तर मॅनिफोल्डजवळची गळती पुन्हा एकदा तपासावी.

जेट एका वेळी एकच नंबर बदलावा आणि पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक गाड्या जागेवर येतात. जिची कायमची वस्ती पाचगणीत तिचा जेट इथल्या आकड्यावर ठरवावा. मुंबई-पुण्याहून सुट्टीत येणारीचा खालच्या आकड्यावर, कारण वर पेट्रोल थोडं जास्त जाणं परवडतं, खाली कमी पडणं परवडत नाही. सगळं जमलं की कार्ब्युरेटरच्या गाडीतून सेन्सर काढून डब्यात ठेवावा, बंगमध्ये 18 मिलिमीटरचा आट्याचा बोल्ट तांब्याच्या वॉशरसह घट्ट बसवावा, आणि पेट्रोल पुढे कधी बदललं तर तो बोल्ट काढून पुन्हा वाईपासून सुरुवात करावी.